अर्थिंगचा चौथा खड्डा

१२ जानेवारी

आले बाई एकदाची. नवी वही, नवी नोकरी, नवं घर. नवरा तेवढा जुना. लग्नाला दीड वर्ष झालं म्हणजे जुनाच म्हणायचा. पुण्याहून पीएचडी करून परतल्यापासून पारोळ्यातल्या ज्या ज्या बायांनी आईला "मयुरीचं पुढे काय?" असं तोंड वाकडं करून विचारलं, त्या सगळ्यांच्या घरी पेढे पाठवायला सांगितले आहेत. खा म्हणावं पोटभर.

जागा धुळ्याच्या बाहेर, पारोळा रोडला. पूर्वी इथे जिनिंग होतं. कापसाची गोडाऊनं पाडून एका व्यापारी घराण्याच्या ट्रस्टने ही प्रयोगशाळा काढली आहे. मागे राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे कडुनिंब, पलीकडे कपाशीचं रान. जाहिरातीत लिहिलं होतं, विवाहितांना प्राधान्य. मी भूषणला म्हटलं, बघ, आयुष्यात पहिल्यांदा तुझा काही उपयोग झाला. बिचाऱ्याने ठिबकच्या दुकानातून जळगावहून धुळ्याच्या शाखेत बदली मागून घेतली. दिवसभर गाद्या, डबे, गॅसची टाकी एकट्याने वाहिली आणि मी फक्त बोट दाखवत होते. ते मला चांगलं जमतं.

आमचे सर, डॉ. प्रेमराज देसले, स्वतः दारात आले. पन्नाशीचे, हळू बोलणारे, हातात पेरूंची पिशवी. माझ्यापेक्षा भूषणशीच जास्त बोलले. लग्न कसं जमलं, भांडणं होतात का, एकमेकांशिवाय करमतं का. भूषण लाजून लाल झाला. म्हणाला, हिच्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागत नाही. सर इतके खूश झाले की वाटलं मुलाखत त्याचीच होती की काय.

संध्याकाळी शेवभाजी मागवली. नाकातोंडातून जाळ निघाला दोघांच्या. सुखात आहे मी.

१५ जानेवारी

आज आईला फोनवर माझं काम समजावलं. तिला म्हटलं, तारेतून वीज जाते म्हणजे इलेक्ट्रॉन जातात, आणि ते एरवी आखाजीच्या बाजारातल्या गर्दीसारखे धक्के खात जातात. म्हणून तार तापते. पण काही धातू भयंकर थंड केले की आतले इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. फुगडी घालणाऱ्या दोघींसारख्या: एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, हात मात्र घट्ट. मग धक्का नाही, ताप नाही, वीज फुकटात वाहते. त्याला सुपरकंडक्टर म्हणायचं.

आमच्याकडे त्याची एक पातळ फिल्म आहे. ती हेलियमच्या मोठ्या पिंपात बुडवून ठेवतात. फिल्मला लागून एक इतकी बारीक भिंत आहे की इलेक्ट्रॉनने ती ओलांडू नये, तरी तो ओलांडतोच. पलीकडे किती जण आले ते मोजलं की आत काय चाललंय ते कळतं. आलेख निघतो: दोन बाजूंना दोन टेकड्या आणि मध्ये दरी. दरीत कुणी म्हणजे कुणी नसतं, कारण सगळे जोडीने राहतात, एकटादुकटा कुणी उरतच नाही. आता आम्ही चुंबकाच्या पट्टीतून त्यात एकाच दिशेने फिरणारे इलेक्ट्रॉन सोडणार. परके घुसले की जोड्या तुटतात. तुटलेला एकटा काय करतो ते बघायचं. त्याचा चार्ज लगेच निघून जातो, फिरकी मात्र मागे रेंगाळते. म्हणजे माणूस गेला आणि त्याची वळण्याची सवय तेवढी घरात राहिली, असं काहीतरी.

आई म्हणाली, दुसऱ्याची जोडी तोडायला पगार मिळतो होय गं तुला?

मागच्या अंगणात अर्थिंगचे तीन खड्डे आहेत. वर फरशीचं झाकण आणि प्रत्येक झाकणावर मातीची घागर. इथे झाडलोट आणि स्वयंपाक यशोदाबाई करतात. त्या रोज सकाळी खड्ड्यांत पाणी ओततात. ते ठीकच, मीठ-कोळसा कोरडा पडला की वीज जमिनीत उतरत नाही. पण घागर? घागर आपल्याकडे आखाजीला, अक्षय तृतीयेला भरतात, गेलेल्या माणसाच्या नावाने. आमच्याकडे आबांची, माझ्या वडिलांची भरतात, आई वर खरबूज ठेवते, विस्तवावर आगारीचा, पितरांच्या वाटणीचा घास टाकते. मी यशोदाबाईंना थट्टेने विचारलं, मावशी, इथे पितर बसवलेत का? त्या हसल्या नाहीत. "तहान लागस, माय," एवढंच म्हणाल्या.

मीही एक तांब्या ओतला. जमीन घटाघटा प्यायली, चक्क आवाज करून. जानेवारीतच इतकी कोरडी, मग मे महिन्यात काय होणार कोण जाणे.

२८ जानेवारी

दहा दिवस नुसती खरखर. आलेखावर गवत उगवल्यासारखं दिसतं, टेकडी कुठे नि दरी कुठे काही कळत नाही. मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. आज सरांना तोंडावर सांगितलं की तुमचं अर्थिंग कमी पडतंय, अजून एक खड्डा घ्या, नाहीतर मला पुण्याला परत पाठवा. वाटलं आता चिडतील. ते हसले. म्हणाले, तुमच्या आधीच्या मुलींनीही नेमकं हेच सुचवलं होतं.

माझ्या आधी हिना नावाची मुलगी होती एवढं माहीत आहे. इथल्याच एका व्यापाऱ्याची सून, अखिल तिचा नवरा. तिचा मग अजून चहाच्या खोलीत आहे, दोघांचा फोटो छापलेला. नोकरी सोडून गेली म्हणतात. स्वतःचा मग विसरून गेली म्हणजे विसरभोळीच असणार. मी त्यातच चहा पिते.

चौथा खड्डा खणायला दोन माणसं लावली आणि उन्हात मी डोक्यावर उभी राहिले. अर्ध्यावर थांबायला बघत होते, मी थांबू दिलं नाही. माझ्या उंचीइतका खोल करून घेतला. तांब्याची पट्टी, मीठ, लोणारी कोळसा, सगळं माझ्या देखरेखीखाली. यशोदाबाई लांब उभ्या राहून पदर तोंडाला लावून बघत होत्या. भूषण म्हणाला, तुला कंत्राटदाराशीच लग्न करायला हवं होतं.

९ फेब्रुवारी

मुंबईहून हेलियम आलं, पिंप थंड झालं, नवा खड्डा जोडला. खरखर तशीच. मला रडू यायचं बाकी राहिलं.

मग सरांनी तोड काढली. प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही ही युक्ती ठाऊक असते: यंत्र ऐकत नसलं की एखाद्याने त्याला हात लावून उभं राहायचं. माणूसच अर्थिंग होतो आणि खरखर बसते. सर म्हणाले, चप्पल काढा, तांब्याच्या पत्र्यावर अनवाणी उभ्या राहा आणि पिंपाच्या नळीला दोन्ही हातांनी धरा. सोडू नका. मी धरलं.

खरखर अशी गेली, जशी कुणी पाटी पुसली. दोन टेकड्या, मध्ये स्वच्छ दरी. इतका सुंदर आलेख मी पुण्यातही पाहिला नव्हता. मग सरांनी फिरकीचे इलेक्ट्रॉन सोडले. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय तसाच खाली जावा, तसं झालं मला. क्षणभरच. डोळे उघडले तर दरीच्या ऐन मध्यावर एक नवी टेकडी उभी होती.

सरांच्या डोळ्यांत पाणी. मी टाळ्या वाजवल्या. हाताला गारठा होता, टाळीचा आवाज नीट आला नाही.

१४ फेब्रुवारी

टेकडी जात नाही. पापणी लवण्याच्या आत विरायला हवी, ती दिवस दिवस बसून आहे. त्याहून गंमत म्हणजे मी जेवायला गेले की ती खाली बसते आणि परत आले की उठते. सरांना म्हटलं, ही माझ्यावर भाळलेली दिसते. त्यांनी ते गंभीरपणे टिपून घेतलं.

हजेरीचं मशीन माझा अंगठा घेत नाही. पुसला, धुतला, साबण लावला. लाल दिवाच लागतो. सर म्हणाले, राहू द्या, तुमची हजेरी मी लावत जाईन.

भूषणने गुलाब आणला होता. टेबलावर ठेवून विसरला, दुकानात निघून गेला. मी काय समजायचं ते समजले, म्हणजे भांडायचं ठरवलं. पण तो घरी आला तेव्हा इतका थकलेला होता की सोडून दिलं.

२२ फेब्रुवारी

मोबाईलची काच माझ्या बोटाला ओळखत नाही. दुकानात दाखवला. पोऱ्याने दोन बोटं फिरवली, सगळं चालू. माझ्या हातात दिला, बंद. तो म्हणाला, ताई, हात कोरडे पडले असतील, तेल लावा. तेल लावलं. नुसता तेलकट मोबाईल झाला.

मग घरी येऊन मी मूर्खपणा केला. भूषणचा टेस्टर काढला, तोच साधा, स्क्रू पिळायचा. भूषणने प्लगच्या भोकात घालून मागे बोट टेकवलं, दिवा लागला. मी बोट टेकवलं, नाही लागला. पुन्हा त्याचं, पुन्हा माझं. टेस्टरमधला दिवा माणसाच्या अंगातून वीज जाते म्हणून लागतो, हे शाळेतलं पोरही सांगेल.

तो गेल्यावर मी उघड्या तारेला हात लावला. हो, लावला. काहीच झालं नाही. भिंतीला हात लावावा तसं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला भीती वाटते आहे आणि ती कुणाला सांगावी ते कळत नाही.

३ मार्च

सकाळी भूषणने एक कप चहा केला. एकच. ओट्यापाशी उभा राहून प्यायला, मी त्याच्या शेजारी उभी. घोट घेऊन स्वतःशीच म्हणाला, मस्त गोड झालाय.

मी ओरडले. त्याचं नाव घेऊन, आईवरून, नको नको ते बोलले. बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली आणि जिथे मी होते त्याच्या थोडं बाजूला बघून "अं?" म्हणाला. मग गाणं गुणगुणत अंघोळीला गेला.

प्रयोगशाळेच्या दारातून माझ्या चपला नाहीशा झाल्या आहेत. निळ्या पट्ट्यांच्या, आईने घेतलेल्या. सरांना दोनदा विचारलं. ते लिहीत होते.

९ मार्च

पाणी पिते आणि तहान जात नाही. तांब्यामागून तांब्या. पोटात उतरतं की नाही तेच कळत नाही. भाकरी चावते, चव नाही, भूक तशीच.

आणखी एक. मी चालताना सारखी डावीकडे वळते. सरळ जायचं ठरवलं तरी थोड्या वेळाने मी त्याच कडुनिंबाखाली.

भूषण पलंगाच्या मध्यभागी झोपतो. वजन वाढलंय त्याचं. चेहऱ्यावर तेज आलंय मेल्याच्या.

१२ मार्च

भूषण त्याच्या आईला फोनवर सांगत होता की मयुरी बरेच दिवस दिसली नाही, बहुतेक पारोळ्याला गेली असेल. काळजी अशी नाही आवाजात. कुठलीतरी छत्री हरवल्यासारखं बोलत होता.

मी त्याच्या मांडीवर बसले होते. तो तसाच उठला.

२० मार्च

कुणी बोलत नाही माझ्याशी. दूधवाला नाही, यशोदाबाई नाही. आज पिंपाच्या खोलीत जाऊन कोपऱ्यात बसले. सरांनी पडद्यावरची टेकडी पाहिली आणि वर न बघता म्हणाले:

"मयुरी, आलात ना? जरा डावीकडे उभ्या राहा."

मी रडले. हमसून हमसून रडले, कुणीतरी माझं नाव घेतलं म्हणून. आणि उठून डावीकडे उभी राहिले. त्यांनी मोजलं. मग उजवीकडे. मग नळीजवळ. दिवसभर मी त्यांचं ऐकत होते. उद्या पुन्हा या म्हणाले. जाणार. दुसरं आहे कोण मला.

२५ मार्च

आज सर बोलत सुटले. टेकडीकडे बघत, मुलाला अभ्यास समजावतात तसे. सगळं लिहून ठेवते.

एकटी मुलगी घेऊन काही होत नाही, तोडायला जोडी लागते. जोडी तुटली की चार्ज नवऱ्याकडे राहतो. म्हणून भूषण असा गुबगुबीत. माझी फिरकी तेवढी उरली. ती मोकळी फिरते तोवर सरांना माप मिळतं. आणि पुढे आखाजीला घरच्या माणसाने तिच्या नावाने खड्ड्यावरची घागर भरली आणि ती ते पाणी प्यायली, की ती इथल्या खड्ड्यात उतरते. कायमची. मग यंत्राची खरखर जाते; ती पुन्हा वाढली की पुढची. एकेक मुलगी, एकेक खड्डा. इतकं शांत अर्थिंग देशात दुसरीकडे नाही, म्हणाले.

पहिली रत्ना. यशोदाबाईंचीच लेक, इथे मदतनीस होती. लेक तहानेली फिरते असं यशोदाबाईंना स्वप्नात दिसायचं, म्हणून त्यांनी मायेपोटी तिची घागर भरली, इथेच अंगणात. त्या दिवशी आलेख साफ झाला आणि सरांना युक्ती सापडली. मग कामिनी. मग हिना.

मी विचारलं, चौथा खड्डा माझा? त्यांना ऐकू येत नाही. टेकडी हलली असेल. ते म्हणाले, छान, छान, हे टिपून घेतो.

२६ मार्च

स्क्रू सोडवायला गेले, नळी उपटायला गेले. माझ्या हातात जोर नाही. पेन उचलतं तेवढंच. टेबलावरचा कागदसुद्धा दुसऱ्या प्रयत्नाला सरकला.

तिसऱ्या खड्ड्याच्या झाकणाला कान लावला. सकाळी यशोदाबाईंनी पाणी ओतलं तेव्हा आतून तोच घटाघटा आवाज. मग हळू, बायकी आवाजात—

"पिऊ नको."

हिना, मी तुझ्या मगातून चहा प्यायले गं.

चौथ्या झाकणावर कोरी घागर आली आहे. पालथी.

२ एप्रिल

चपला सापडल्या. तापीच्या पुलावर, शिरपूरकडे. कठड्याशी नीट जोडीने ठेवलेल्या. पोलिसांनी भूषणला बोलावलं, तो माझ्या समोर सही करून आला. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मुली मनाच्या फार हळव्या असतात हो. त्यांच्या गाडीच्या डिकीत मी त्या चपला पाहिल्या होत्या. आधीच. मी पाहिल्या होत्या.

भूषण जेवला. शेवभाजी.

पारोळ्याला जाते. आई आहे माझी. एसटीत कुणी तिकीट विचारणार नाही, तेवढंच बरं.

५ एप्रिल

आई— आईने मान वर केली. मी दारात पाऊल टाकलं आणि तिने भाकरी थापता थापता दाराकडे पाहिलं. दिसले नाही मी. पण पाहिलं तिने.

पोलीस, नातेवाईक, शेजारपाजारचे, सगळे सांगून गेले की पोर गेली, दहाव्याचं बघा. ती एकच वाक्य बोलते. "देह पाहिला नाही तोवर माझी लेक जिवंत. आखाजीला येईलच ती." माझं ताट वाढते रोज. अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधलाय, मला आवडतो तसा उंच.

माझ्या ताटाजवळ बसलं की भूक थोडी कमी वाटते.

१० एप्रिल

संध्याकाळी ती दारात उभी राहून हाक मारते. मयू, ये गं. रोज.

आज हाक मारली तेव्हा माझ्या केसांत तडतड झाली. थंडीत स्वेटर काढताना होते तशी. बोटाने पितळी कडीला हात लावला, झिणझिणी आली. चार्ज येतोय. थेंब थेंब येतोय. ती मला जिवंत धरते म्हणून येतोय—

आखाजी गेली आणि तिने घागर भरली नाही तर मी परत येईन. मला खात्री आहे. आई, नको भरू. एवढंच कर.

१४ एप्रिल

ही वही तिच्यासमोर उघडी ठेवली. तिने उचलली. चाळली. तिला कोरी दिसली. चुलीशेजारी ठेवून दिली, पेटवायला होईल म्हणून.

तरी झोका आज माझ्या बसण्याने हलला. थोडा. तिने पाहिला आणि हसली. वारा नव्हता, तिला माहीत आहे वारा नव्हता.

तहान फार.

१८ एप्रिल

सर आले. भूषण आला. गाडीतून उतरले तेव्हा सरांच्या हातात घागर. चौथ्या झाकणावरची, मी ओळखली.

भूषणने आईला सांगितलं की त्याच्या घरचे आता पुढचं बघताहेत. मुलगी चांगली आहे, चाळीसगावची. हे एकदा रीतीने मोकळं झालं तर बरं. खाली मान घालून बोलला, पण खुशीत होता. आई त्याला म्हणाली, तुला मोकळं व्हायचं तर हो, मी घागर भरणार नाही. मी नाचले. खरंच, अंगणभर नाचले, डावीकडे, डावीकडे.

मग सर बोलले. अगदी हळू.

"कमलबाई, तुमचं बरोबर आहे. पण ती तहानेली आहे हो. आमच्या अंगणात दिसते ती बायांना. पाणी मागते."

आई खाली बसली.

बाकी कशानेही ती हलली नसती. पैशाने, पोलिसांनी, देवानेसुद्धा. आई, खोटं नाहीये ते— तहान खरी आहे— पण तू नको देऊ, तू सोडून कुणीही—

सरांनी घागर तिच्या मांडीवर ठेवली.

१९ एप्रिल, आखाजी

आई पहाटेच उठली. न्हाली. पुरण शिजवलं. सांजोऱ्या तळल्या. मी तिच्या पदराला धरून— पदर हातात येत नाही.

आबांची घागर भरली. दुसरी समोर.

विस्तव धरत नव्हता. या वहीची मागची कोरी पानं फाडली तिने. लिहायला हे एवढंच पान उरलंय.

भूषण दारात मोबाईल बघतोय. सर घड्याळ बघतात. त्यांचा माणूस तिकडे प्रयोगशाळेत पडद्यासमोर बसलाय, फोन चालू आहे. खरखर अजून आहे म्हणतो.

पिणार नाही. हिना, पिणार नाही मी. आई भरेल, भरू दे. मी न प्यायले तर काय करतील—

भरली. वर खरबूज ठेवलं. म्हणाली, मयू, उन्हातून आलीस गं, पी.

गार माठाचा वास. वाळा घातलाय तिने. मला आवडतो म्हणून.

केसांत तडतड थांबली—

नाही. नाही म्हणजे नाही. महिनाभर एक थेंब नाही गेला पोटात, तरी—

आगारीचा घास टाकला. माझं नाव घेतलं. पूर्ण नाव.

रडतेय ती. म्हणतेय, पी ना गं. रागावलीस का माझ्यावर.

रागावले नाही आई. कशी रागावेन. बघ, एकच घोट घेते, तुझ्या समाधानाला, मग लगेच इथेच बसून पुढचं लिहि